घाट उतरण्यापूर्वी

पक्का परवाना मिळाल्याबद्दल आपले अभिनंदन. मात्र मैदानावरच्या चाचणीत कुंभार्ली किंवा आंबा घाटासारखा लांब उतार येत नाही, म्हणून पावसाळ्यात कोकणात उतरण्यापूर्वी हे वाचावे.

उतार सुरू होण्याआधीच दुसरा किंवा तिसरा गिअर टाकावा आणि वेग इंजिनाला रोखू द्यावा. ब्रेकवर सतत पाय ठेवल्यास घर्षणाने तो तापतो, पकड कमी होते आणि ब्रेक ऑइल उकळले तर पेडल सरळ खाली जाते. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अनेक जुन्या चालकांनाही असते, पण ती निव्वळ खुळी समजूत आहे. आजच्या इंजेक्शन इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनपुरवठा बहुधा बंदच होतो. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून घातक, कारण ब्रेकला मिळणारे साहाय्य थोड्याच वेळात संपते आणि स्टिअरिंगही जड होते.

अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी; २०१७च्या वाहनचालन विनियमांतही तसेच सांगितले आहे. धुक्यात हेडलाइट खालच्या झोतावर ठेवावेत, आणि वळणावर ओव्हरटेक करू नये, मागचा कितीही हॉर्न वाजवो.