फॉर्म १६ नाही, म्हणून काम खोटं?

नमस्कार,

‘दोन वर्षं घरात बसून कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर करतो म्हणतो, पण पासबुकात ‘सॅलरी’ हा शब्द एकदाही नाही,’ असं तुम्ही मुलाबद्दल लिहिलंत. फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) नाही म्हणजे काम खरं नाही, वर कर कापून जातो तो वेगळाच, तेव्हा मी त्याला बँकेच्या परीक्षेसाठी तयार करावं, अशी तुमची विनंती. सोबत त्याच्या ई-मेलमधून, त्याला न विचारता काढलेले प्रिंट.

मला सगळ्यात जास्त खटकले ते हे प्रिंट. चोवीस वर्षांच्या कमावत्या मुलाच्या मेलमध्ये शिरून तुम्ही त्याच्याविरुद्ध पुरावे गोळा करताय. पाहुण्यांना ‘सध्या घरीच असतो’ असं सांगता, हेही तुम्हीच लिहिलंय. आणि पुढच्याच ओळीत तक्रार, की तो जेवताना बोलत नाही. काय बोलणार तो?

आता त्या प्रिंटबद्दल. फॉर्म १६ नोकरदाराला मिळतो. व्यावसायिक फीवर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला की फॉर्म १६ए मिळतो, आणि तोच तुमच्या हातात आहे. २०२४-२५ मध्ये त्याने दरमहा ४०,००० रुपयांचं बिल लावलं, कंपनीने १० टक्के कापून ३६,००० जमा केले. वर्षभरात कापले गेलेले ४८,००० रुपये म्हणजे ‘कर भरून झाला’ असं नाही. ती आगाऊ कपात, खरा हिशेब आयकर विवरणपत्रात होतो. माहिती तंत्रज्ञानाचा व्यवसाय त्या वर्षी लागू असलेल्या आयकर कायद्याच्या कलम ४४एडीएमध्ये, म्हणजे ठरावीक व्यावसायिकांना अंदाजाने उत्पन्न दाखवू देणाऱ्या कलमात, बसतो. त्यामुळे ४,८०,००० पैकी किमान निम्मे, म्हणजे २,४०,००० उत्पन्न दाखवून आयटीआर-४ हे विवरणपत्र भरता येतं. दुसरी कमाई नसेल तर हे नव्या करप्रणालीतल्या त्या वर्षीच्या ३ लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या आतच आहे. कर शून्य, ४८,००० परत! पण विवरणपत्र भरलं तरच. त्या वर्षासाठी उशिरा भरायची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. ती चुकली असेल, तर नंतरच्या अद्ययावत विवरणपत्रात परतावा मागता येत नाही. कापलेली रक्कम २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या त्याच्या कराच्या वार्षिक नोंदीत, दिसते का, ते त्याला आधी पाहू दे.

तो मेल उघडल्याबद्दल मात्र त्याची माफी मागा, आणि तीही फॉर्मचा विषय काढण्याआधी.

बँकेच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षेला कुठल्याही शाखेचा पदवीधर तिशीपर्यंत बसू शकतो, घाई नाही. त्याबद्दल त्याने स्वतः मला लिहिलं, तर सविस्तर उत्तर देईन. तुमचा निरोप मात्र मी त्याला देणार नाही.