दोन आकडी वर्ष दिसलं की थांब

सर्व्हरवर तारखांचं काम पहिल्यांदाच हातात घेतोयस, तर आधी दोन आकडी वर्षं कुठे कुठे येतात ते शोध. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेला असं वर्ष वाचायला दिलं की ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९, आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हीच सीमा एका वर्षाने सरकते, तिथे ६९ म्हणजे २०६९. फाइल एकच, पण दोन प्रोग्रॅममध्ये शंभर वर्षांचा फरक!

मी एकदा निवृत्तिवेतनाची यादी डेटाबेसमध्ये घेत होतो. एका बाईंची जन्मतारीख १२-०३-६२ होती, ती २०६२ म्हणून बसली. एरर एकही नाही. वय उणे दिसलं तेव्हा कुठे लक्षात आलं. म्हणून जन्मतारीख आजच्या पुढची असेल तर ती घेऊच नकोस, आणि साठवताना नेहमी चार आकडी वर्ष ठेव.

सी या प्रोग्रॅमिंग भाषेतला जुना कोड हातात आला तर आणखी एक बघ. त्यातला वर्षाचा आकडा १९०० पासून मोजलेला असतो, म्हणजे २००० साली तो १०० झाला. ज्यांनी त्याच्या आधी नुसतं '१९' चिकटवलं होतं, त्यांच्याकडे '१९१००' छापून आलं.

लीप वर्षाचं गणित स्वतः लिहू नकोस, लायब्ररी, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला तयार कोड, वापर. २००० लीप होतं, २१०० नाही. चाचणीत २८ फेब्रुवारी २१०० मध्ये एक दिवस मिळवून बघ, १ मार्च यायलाच हवा.