डॉल्फिन पाऱ्यानं मेला का?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत कुंभार्ली घाट उतरून गुहागरला गेलो होतो. किनाऱ्यावर एक मेलेला प्राणी पडला होता. साडेचार फुटांचा, काळपट राखाडी, तोंड बोथट, पाठीवर पंख नाही. गर्दीतला एकजण ठणकावून म्हणाला, "कंपन्यांच्या पाण्यातला पारा, दुसरं काय!" आम्ही घरी पोचायच्या आत गावच्या ग्रुपवर तसा मेसेज फिरतही होता. खरंच तसं असेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुम्ही सांगताय त्यावरून तो डॉल्फिन नसावा, त्याच्या भाऊबंदांपैकी फिनलेस पॉरपॉइज असावा. कोकणच्या उथळ पाण्यात तो असतो. त्याच्या अंगात पारा असणार, हे तपासणीआधीच सांगतो. पण अंगात पारा सापडणं वेगळं आणि पाऱ्यानं मरणं वेगळं.

गोठ्यातलं उदाहरण देतो, कारण माझं आयुष्य तिथंच गेलं. तासगावकडं एका वस्तीवर म्हैस अचानक आंधळी झाली. दात करकरा खायची, भिंतीला डोकं लावून उभी राहायची. मालकाला वाटलं, पिसाळली. गोठ्यामागं जुन्या बॅटऱ्या फोडून टाकल्या होत्या आणि म्हैस त्या प्लेटा चाटत होती. अशा वेळी रक्तातलं शिसं मोजलं की निकाल लागतो. जनावर कालपर्यंत धडधाकट होतं, आज विष पोटात गेलं, सरळ हिशेब.

पॉरपॉइजचा हिशेब असा सरळ नाही. त्याच्या पोटात पारा जन्मभर थेंबाथेंबानं जातो, सगळा खाण्यातून. प्लवकातला (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतला) पारा लहान माशात, त्यातून मोठ्या माशात आणि शेवटी याच्यात. पक्षी पिसं झाडतात, सील केस गाळतो, त्याबरोबर थोडा पारा बाहेर पडतो. याला ना केस ना पिसं. त्यामुळं वय वाढेल तसा यकृतातला पारा वाढतच जातो. वय कळतं दातावरून. आपण बैल आदत, दुसा की चौसा ते दात मोजून ठरवतो. इथं दात उभा कापून आतली वलयं मोजतात. वय न सांगता "इतका पारा निघाला" असा आकडा कुणी दिला, तर मी तो बाजूला ठेवतो.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार नवलाची वाटते. 1973 मध्ये डच संशोधकांनी दाखवलं, की या प्राण्यांच्या यकृतात पाऱ्याबरोबर सेलेनियम हे मूलद्रव्यही वाढतं, आणि अणूंच्या हिशेबात दोन्हींचं प्रमाण जवळपास एकास एक असतं. यकृत पाऱ्याला सेलेनियमशी बांधून त्याचे अगदी बारीक, न विरघळणारे कण करून ठेवतं. बांधलेला पारा फारसा त्रास देत नाही. म्हणून माणसाच्या यकृतात सापडला तर आपण हादरून जाऊ, एवढा पारा घेऊन म्हातारा डॉल्फिन मजेत पोहत असतो. अर्थात सेलेनियम त्यात अडकून पडलं की शरीराच्या इतर कामाला कमी पडतं. फुकट काही नाही.

मग पारा निर्दोष का? तसंही नाही. इंग्लंड-वेल्समध्ये किनाऱ्याला लागलेल्या पॉरपॉइजचं रीतसर शवविच्छेदन होतं. तिथल्या संशोधकांनी 2001 मध्ये दोन गटांची तुलना छापली: जाळ्यात अडकून किंवा मार लागून मेलेले, म्हणजे एरवी निरोगी, आणि न्यूमोनियासारख्या संसर्गानं मेलेले. दुसऱ्या गटाच्या यकृतात पारा, सेलेनियम, जस्त तिन्ही जास्त होतं. पारा प्रतिकारशक्ती खच्ची करतो, या शंकेला त्यानं बळ मिळालं. मात्र आजारी जनावर खंगतं, यकृत आक्रसतं, तेव्हा ग्रॅममागं धातू आपोआप जास्त भरतो. जस्त तर आजारपणातही वाढतं. म्हणून मी "पाऱ्यानं मेला" असं लिहिणार नाही. "पाऱ्यानं आजाराला वाट करून दिली असेल" इथवर येईन.

नोकरीत काही काळ मी दापोलीकडं होतो. तिथं वनखात्याच्या माणसांबरोबर एक डॉल्फिन फाडला होता. चोचीवर आणि पंखांच्या कडेला सुरीनं ओढाव्यात तशा बारीक रेघा, श्वासनलिकेत फेस, पोटात न पचलेले मासे. आजारी जनावर असं पोटभर जेवलेलं नसतं. जाळ्यात अडकून गुदमरला होता तो. तुमच्या गर्दीतल्या माणसानं त्यालाही पाराच लावला असता. आणि नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला लागलेलं व्हेलचं पिल्लू आठवतंय? खोल पाण्यात नेऊन सोडलं, तरी जगलं नाही. आईपासून तुटलेल्या पिल्लाला पुन्हा पाण्यात ढकलून भागत नाही. त्याच्या मरणाला पाऱ्याची गरजच नव्हती.

पुन्हा असं काही दिसलं तर वनखात्याच्या 1926 या नंबरावर कळवा. जिवंत असेल तर सावली करा, ओलं फडकं टाका, डोक्यावरच्या श्वासछिद्रात पाणी जाऊ देऊ नका आणि शेपटीला धरून ओढू नका. मेलेला असेल तर हात लावू नका. ज्या ब्रुसेला जिवाणूमुळं आपल्या गाई-म्हशी गाभडतात, त्याचा एक भाऊ यांच्यातही असतो आणि तो माणसाला लागू शकतो. सेल्फीसाठी पोराला त्यावर बसवणारे बाप मी पाहिलेत.

प्रश्न : आमचं घराणं गलाईवालं, म्हणजे सोनं-चांदी गाळणारं. लहानपणी भट्टीपाशी पारा तळहातावर घेऊन खेळलो, काही झालं नाही. मग समुद्रातल्या एवढ्याशा पाऱ्यानं एवढ्या मोठ्या प्राण्याला काय होतंय?
— एक वाचक, विटा

उत्तर : तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. पारा एकच, पण रूपं वेगळी. तळहातावरचा चकचकीत पारा कातडीतून फारसा आत जात नाही, गिळला तरी बहुतेक तसाच बाहेर पडतो. भट्टीवर तापला की त्याची वाफ होते आणि ती खरी वाईट. श्वासातून गेलेल्या वाफेपैकी सुमारे 80 टक्के पारा शरीरात राहतो. हात कापणं, हिरड्या सुजणं, उगाच चिडचिड, विसरभोळेपणा ही त्याची लक्षणं. "काही झालं नाही" म्हणताय, तर सही करताना हात थरथरतो का ते एकदा बघा. भट्टीवर बरीच वर्षं बसलेल्या कुणाला असं होत असेल, तर डॉक्टरांना आपला धंदा आवर्जून सांगा. लघवीतला पारा मोजता येतो.

समुद्रात तिसरंच रूप तयार होतं. हवा न पोचणाऱ्या चिखलातले जिवाणू पाऱ्याचा मिथाइल पारा करतात. तो आतड्यातून जवळजवळ पुरता, 95 टक्के, शोषला जातो, मेंदूत शिरतो आणि वार (प्लासेंटा) ओलांडून गर्भातही जातो. जपानच्या मिनामाता गावात रसायन कारखान्याचं पाणी खाडीत जात होतं. आधी मासे खाणारी मांजरं वेड्यासारखी गरगर फिरून मरू लागली, मग माणसं. 1956 मध्ये आजाराची सरकारदरबारी नोंद झाली. आईला किरकोळ त्रास आणि तिचं बाळ मात्र जन्मतःच अपंग, अशीही घरं तिथं होती. डॉल्फिणीचं पिल्लूही याच वाटेनं पाऱ्याचा पहिला हप्ता पोटातच घेतं.

प्रश्न : सर, कृष्णेत मासे मरतात तेही जड धातूंमुळंच का? आणि आपल्या नदीचं पाणी कोकणातल्या डॉल्फिनपर्यंत जातं का?
— एक विद्यार्थिनी, अकरावी शास्त्र, पलूस

उत्तर : कृष्णेत एका रात्रीत मासे तरंगतात, तेव्हा बहुतेक वेळा कारण असतं प्राणवायूचं. मळी किंवा सांडपाणी नदीत आलं की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासतात, ते तू कधी पाहिलंस तर विसरणार नाहीस. धातू असे घाऊक मारत नाहीत.

पाण्याचं म्हणशील तर कृष्णा पूर्वेला जाते, बंगालच्या उपसागराला. वाटेत आलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं आहेत. धातू गाळाला चिकटतात आणि गाळ धरणात बसतो. सांगलीच्या नाल्यातलं शिसं समुद्रापर्यंत फार थोडं पोचत असेल. आधी ते आपल्याच मळ्यात आणि विहिरीत मुक्काम करणार. कोकणात जातं ते आपल्या कोयनेचं पाणी. बोगद्यातून पोफळीला उतरतं, वीज करून वाशिष्ठीला मिळतं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात. ते आपल्याकडून निघतं तेव्हा चांगलं असतं. पुढं खाडीकाठच्या रासायनिक उद्योगांचं सांडपाणी त्यात मिसळतं.

पण पाऱ्याला नदी लागतेच असं नाही बरं. दगडी कोळसा जळला की तो धुराबरोबर हवेत जातो, महिनोन् महिने तरंगतो आणि पावसाबरोबर कुठंही उतरतो. म्हणूनच त्यावर जागतिक करार करावा लागला. मिनामाताचंच नाव दिलेला तो करार 2017 पासून लागू आहे, भारतही त्यात आहे. तुला प्रकल्प करायचाच असेल तर डॉल्फिनमागं लागू नकोस. गावात जुन्या बॅटऱ्या आणि फुटलेल्या ट्यूबलाइट शेवटी कुठं जातात, ते शोधून काढ. मला लिहून पाठव, मी वाचीन.

प्रश्न : सूनबाई गरोदर आहे. आमच्याकडं आठवड्याला रत्नागिरीची मासळी येते. हे सगळं वाचून मासे बंदच करावेत का? आमच्या माहेरी बाळंतिणीला मोरी (शार्क मासा) देतात, त्याचं काय?
— एक सासूबाई, मिरज

उत्तर : बंद मुळीच करू नका. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, कोळंबी ही लहान, थोड्या आयुष्याची मासळी. तिच्यात पारा कमी आणि बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी चांगली. आठवड्यातून दोन-तीनदा द्या. मोरी, मोठा कुपा (ट्यूना), मोठ्या सुरमईच्या तुकड्या मात्र गरोदरपणात नकोत. पारा मांसातच बसलेला असतो, धुऊन, चिंच लावून किंवा तळून जात नाही.

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर लोक पायलट व्हेल खात. हाही डॉल्फिनच्याच कुळातला. गरोदरपणी आईच्या पोटात गेलेल्या पाऱ्याचा परिणाम तिथल्या मुलांच्या भाषेवर, स्मरणावर, लक्ष देण्यावर दिसला. 2008 मध्ये तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनीच ते मांस खाऊ नका असं सांगितलं. चालीरीत त्यांचीही शेकडो वर्षांची होती.

माणसाच्या अंगातला मिथाइल पारा निम्मा व्हायला साधारण दोन महिने लागतात. म्हणून बाळंतपण झाल्यावरही मोरीची घाई नको. माहेरची आठवण राखायचीच असेल तर बाळ अंगावरचं प्यायचं सुटल्यावर एकदा लहान मोरी आणा, आणि तिचं कालवण तुम्हीही खा.