पिनियनचं तोंड कुणीकडं? क्रॉलरची प्रश्नोत्तरे

क्रॉलर म्हणजे खडकांवर चढवायची रिमोटची छोटी गाडी. या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत: ॲक्सल (दोन चाकांमधला आस) आणि मोटर कुठल्या तोंडानं बसवायची. त्यामुळं टायर आणि बॉडीचे प्रश्न पुढच्या वेळी घेतो.

प्रश्न : सर, दोन रात्री जागून 1:10 चं (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याचं) किट जोडलं. ट्रिगर दाबला की पुढची चाकं पुढं जातात आणि मागची मागं. गाडी जागेवरच थरथरते. ईएससी गेला का? (लातूर)

उत्तर : ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका. तुमच्या गाडीत मोटर एक आणि गिअरबॉक्सही एकच. तिथून निघणारे दोन्ही ड्राइव्हशाफ्ट, गाडीच्या पुढून पाहिलं तर, एकाच दिशेनं फिरतात. पुढच्या ॲक्सलचं पिनियन, म्हणजे शाफ्टला जोडलेला छोटा गिअर, मागं पाहतं, मागच्याचं पुढं. म्हणून एका ॲक्सलमध्ये पिनियन ज्याला फिरवतं तो मोठा रिंग गिअर पिनियनपासून गाडीच्या डाव्या अंगाला असेल, तर दुसऱ्यात तो गाडीच्या उजव्या अंगाला हवा. तुमच्याकडून तो दोन्हीकडं एकाच बाजूला बसलाय. मागचा ॲक्सल उघडा, रिंग गिअर लॉकरसकट (दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या भागासकट) काढा आणि उलटा करून बसवा. बहुतेक ॲक्सलमध्ये दोन्ही बाजूंचं बेअरिंग सारखंच असतं, त्यामुळं अडचण येत नाही. शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) मात्र बाजू बदलल्यावर पुन्हा जुळवा. पिनियन हातानं फिरवून पाहा. किंचित हलावं, पण अडकू नये.

प्रश्न : दादा, आमच्या शहरालगतच्या सातारा परिसरातल्या डोंगराकडं गाडी घेऊन जातो. चढावर थ्रॉटल दिला की गाडी दरवेळी एकाच अंगावर कलते, पुढचं एक चाक उचललं जातं आणि गाडी उलटते. शॉकमधलं तेल बदलून पाहिलं, फरक नाही. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नेहमी एकाच अंगावर कलते हे तुम्ही लिहिलंत, त्यातच उत्तर आहे. खडकामुळं कलली असती तर कधी डावीकडं, कधी उजवीकडं कलली असती. याला टॉर्क ट्विस्ट म्हणतात. शाफ्ट ॲक्सलला पीळ देतो, चाकं खडकाला धरून असतात म्हणून ॲक्सल हलत नाही, आणि तोच पीळ उलट्या दिशेनं चॅसीवर येतो. चॅसी स्प्रिंगवर तरंगते, तिला कलणं सोपं जातं. तेल घट्ट केलं तर ती सावकाश कलेल, पण कलेलच.

आधी खात्री करून घ्या. पुढचा बंपर भिंतीला टेकवा, टायर हातानं खाली दाबून धरा आणि थ्रॉटलचा हलका झटका द्या. कुठला कोपरा वर येतो ते पाहा. मग रिव्हर्समध्ये द्या. उलटा कोपरा वर आला, तर दुखणं हेच.

खरा उपाय शाफ्टमधला पीळ कमी करण्याचा. चाकाला लागणारा जोर ठरलेला असतो. ॲक्सलच्या आत जितकी जास्त घट, म्हणजे शाफ्टच्या फेऱ्यांची कपात, तितका शाफ्टवर कमी भार. रिंगला 38 आणि पिनियनला 13 दात असतील तर घट 2.92 पट. 30 आणि 8 असतील तर 3.75 पट. म्हणजे तेवढ्याच चढाला शाफ्टवरचा पीळ सुमारे 22 टक्क्यांनी कमी. पोर्टल ॲक्सलमध्ये शेवटची घट थेट चाकापाशी होते. ती दीडपट धरली तरी शाफ्टवर दोन तृतीयांशच पीळ उरतो, शिवाय ॲक्सलचं पोट खडकापासून वर राहतं. 2017 साली आलेल्या ट्रॅक्सस टीआरएक्स-4 मध्ये पोर्टल आहेत. ॲक्सलची घट वाढवली की वेग कमी होतो. तो हवा असेल तर मोटरचं पिनियन मोठं करा.

खर्च नको असेल तर मागं पातळ स्वे बार, म्हणजे कलणं रोखणारी सळई, लावा. दुसरं म्हणजे वजन खाली न्या. पितळ ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड असतं. वाळूज किंवा चिकलठाण्यात लेथवाला ओळखीचा असेल, तर पुढच्या नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) बसतील अशा पितळी चकत्या सहज कातून मिळतील. चॅसीवर मात्र वजन लावू नका, कलणं वाढेल.

एक विनंती. वेरूळ आणि देवगिरीच्या परिसरातल्या कातळावर गाडी नेऊ नका. आपला बेसाल्ट डोंगरात हवा तेवढा आहे.

प्रश्न : मोटर पुढं यावी म्हणून गिअरबॉक्स 180 अंशांत फिरवून बसवला. आता गाडी उलटी पळते. (बीड)

उत्तर : तसंच होणार. ब्रश्ड मोटर असेल तर दोन वायरी अदलाबदल करा, झालं. पण मोटरला टायमिंग दिलेलं असेल, म्हणजे एकाच दिशेला जास्त जोर मिळावा म्हणून ब्रशची जागा सरकवलेली असेल, तर उलट्या दिशेनं ती कमी काम करील, जास्त तापेल आणि ब्रश लवकर झिजतील. आपल्याकडच्या मे महिन्यात हे परवडत नाही. टायमिंग शून्यावर आणा. क्रॉलरला तसंही पुढं-मागं दोन्ही लागतं. मोटर पुढं घेण्याचा विचार मात्र अगदी योग्य. चढावर पुढचे टायर जड हवेतच.

प्रश्न : दोन्ही ॲक्सलवर वेगळी मोटर असलेली जुनी गाडी मिळतेय. वायरिंग कसं करू? (नांदेड)

उत्तर : घ्या. शाफ्टच नाही, म्हणून वर सांगितलेलं कलणंही नाही. दोन्ही ॲक्सल सारखेच असून एक उलट तोंडानं बसवलेला असेल, तर एका मोटरच्या वायरी उलट जोडाव्या लागतील. ब्रशलेस सेन्सर्ड असेल तर वायरी हलवू नका, दिशा ईएससीच्या सेटिंगमधून बदला.

एकाच ईएससीवर दोन ब्रश्ड मोटरी चालवणार असाल तर त्या पॅरलल जोडा. सिरीजमध्ये हवेत लटकलेल्या चाकांची मोटर सुसाट सुटते, व्होल्टेजचा मोठा वाटा तीच मोटर खाते आणि खडकाला धरलेली दुसरी मोटर उपाशी राहते. नेमकं नको तेव्हा. पॅरललमध्ये करंट दुप्पट लागतो, तेवढा पेलणारा ईएससी घ्या.

प्रश्न : गाडी उंच केल्यावर पुढचा शाफ्ट अडकत होता. ॲक्सल धरणाऱ्या वरच्या लिंक (दांड्या) बदलून पिनियन गिअरबॉक्सकडं वर उचललं. शाफ्ट मोकळा झाला, पण आता स्टिअरिंग भरकटतं, सरळ येतच नाही. (जालना)

उत्तर : पुढच्या ॲक्सलचं पिनियन मागं असतं. ते वर उचललं की ॲक्सलचा वरचा भाग पुढं झुकतो आणि चाकाची खीळ, म्हणजे किंगपिन, त्याच्याबरोबर झुकते. किंगपिनचं वरचं टोक मागं हवं, तो कॅस्टर. तुम्ही तो घालवलात. माझ्याकडूनही पहिल्या गाडीत हेच झालं होतं, आणि मी महिनाभर स्टिअरिंग वळवणाऱ्या सर्व्हो मोटरला दोष देत होतो.

सी-हब, म्हणजे किंगपिन धरणारा ॲक्सलच्या टोकाचा तुकडा, ॲक्सलवर फिरवून बसवता येत असेल तर पिनियन वरच राहू द्या आणि सी-हब मागं वळवा. तशी सोय नसेल तर पिनियन थोडं खाली आणा, जितका शाफ्ट अडकणार नाही तितकंच, आणि उंची दोन-तीन मिलिमीटर कमी करा. पुढं हाय-पिनियन ॲक्सल मिळाला तर हा झगडाच कमी होतो. त्यात पिनियन रिंगच्या मध्याच्या वर असतं, त्यामुळं ॲक्सल न वळवताही शाफ्टचा कोन सौम्य राहतो.