जुनं छापचित्र शेवटी छापीलच ना, मग त्याला एवढा भाव का?

तुम्ही विचारलंय की तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांचा धंदा कसा उभा राहिला, छापील कागदाला एवढी किंमत का, आणि आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं चित्र फ्रेमला टाकू का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो: टाकू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नका टाकू.

आमच्या दादाचं फ्रेमचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात गंजक्या कुलपांच्या ढिगाशेजारी मला दौलताबादचा किल्ला मिळाला. ग्रिंडले नावाच्या कप्तानाच्या पुस्तकातला. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला माणूस. पश्चिम भारतातल्या दृश्यांची ३६ ॲक्वाटिंट (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने बारीक दाणा उठवून छापलेली चित्रं) त्याने १८२६ ते १८३० च्या दरम्यान लंडनहून काढली, वर हाताने रंग भरलेली. (ग्रिंडलेज बँकेतला ग्रिंडले तो हाच.) विकणारा दोनशे म्हणाला, दीडशेला दिलं. मी ते दादाच्या दुकानात ठेवलं, म्हटलं माउंट (चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा) बघून ठेव, संध्याकाळी येतो.

संध्याकाळी गेलो तर किल्ला भिंतीवर. बारा बाय सोळाची एक तयार फ्रेम पडून होती. दादाने पोलादी पट्टी धरली आणि कटरने चारी कडा उडवल्या. मी टेबलाखालचा डबा उपसला. खालच्या कडेची पट्टी निघाली, पण तिच्यावर चहाचा चोथा. डाव्या कोपऱ्यात चित्र कोणाचं, उजव्या कोपऱ्यात पत्रा कोणी कोरला, मध्ये चित्राचं नाव आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत प्रकाशक, पत्ता, तारीख, असं सगळं त्या पट्टीत असतं. मला 'लंडन' तेवढं वाचता आलं.

दादा म्हणाला, "चित्राला हात लावलाय का मी? कोरा कागद कापला."

आता त्या कोऱ्या कागदाबद्दल. कोरलेल्या रेघांत शाई भरलेल्या पत्र्यावर ओला कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढतात, तेव्हा पत्र्याची कड कागदात रुतते. चित्राभोवतीची ती दबलेली चौकट बोटाला लागते. ती दिसली तर हे पत्र्यावरून छापलंय असं मानायला जागा असते. दादाने पहिली तीच उडवली.

आणि खालची ओळ म्हणजे तर अख्खा धंदा. पाचशे वर्षांपूर्वी जर्मन चित्रकार ड्यूररची बायको आग्नेस फ्रँकफर्टच्या जत्रेत नवऱ्याची छापचित्रं विकायची, तेव्हाच इटलीत मार्कांतोनियो नावाचा पत्रे कोरणारा ड्यूररच्या चित्रांच्या नकला उतरवत होता, त्याच्या सहीच्या खुणेसकट. चोरी या धंद्यात पहिल्यापासून आहे. लंडनमध्ये होगार्थ या चित्रकाराने १७३२ साली सहा चित्रांची एक मालिका आगाऊ वर्गणी घेऊन विकली, संचाला एक गिनी (तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं). नकलाकारांनी लगेच स्वस्त प्रती बाजारात सोडल्या. हा गडी पार्लमेंटपर्यंत गेला आणि १७३५ चा कायदा करून घेतला: १४ वर्षं कोणी नक्कल करायची नाही, मात्र प्रत्येक पत्र्यावर मालकाचं नाव आणि प्रसिद्धीची तारीख कोरलेली हवी. पुढची मालिका त्याने कायदा लागू होईपर्यंत, म्हणजे २५ जूनपर्यंत, दाबून ठेवली. (तरी चोरट्यांनी मूळ चित्रं बघून, लक्षात ठेवून आधीच नकला काढल्या. धन्य!) दादाने चहाच्या चोथ्यात टाकलं ते हे.

पुढे लंडनच्या बॉयडेल या छापचित्र प्रकाशकाने याच मालावर साम्राज्य उभं केलं. लढाईत पडलेल्या जनरल वुल्फ या इंग्रज सेनापतीच्या मृत्यूचं, वूलेट नावाच्या कारागिराने कोरलेलं चित्र १७७६ चं, ते युरोपभर खपलं. मग शेक्सपिअरच्या प्रसंगांची गॅलरी काढली, फ्रान्सशी युद्ध पेटलं, बाहेरचं गिऱ्हाईक तुटलं आणि म्हातारपणी सगळं लॉटरीत काढावं लागलं. सोडत निघायच्या आधीच, १८०४ च्या डिसेंबरात, तो गेला.

भाव का, याचं उत्तर तांब्यात आहे. तांबं मऊ. प्रत्येक छपाईला रेघ झिजते. ॲक्वाटिंटचा बारीक दाणा तर फार लवकर मरतो. पहिल्या प्रती काळ्याभोर, नंतरच्या फिक्या. म्हणून अक्षरं कोरायच्या आधी काढलेल्या पहिल्या प्रतींना, म्हणजे प्रुफांना, दुकानदार जास्त पैसे लावत.

हे एकदा जेवताना दादासमोर बोलायची चूक मी केली. दादाने घास तसाच हातात धरला. "म्हणजे अक्षरं नसलेलं महाग? मग मी तुझी किंमत वाढवलीच की!" वहिनीसुद्धा हसली. अरे बाबा, प्रुफाला अक्षरं नसतात, पण पत्र्याची दबलेली कड असते! हे मी त्याला आजवर चौदा वेळा तरी सांगितलंय.

तुमच्या चित्राचं म्हणाल तर भिंगातून बघा. सारख्या ठिपक्यांची जाळी दिसली तर ती ऑफसेटसारखी नंतरची यांत्रिक छपाई, विषय संपला. कड दबलेली असली तरी हुरळून जाऊ नका, खोटी कडही दाबता येते. रंग पुष्कळदा नंतर कोणीतरी भरलेले असतात. आणि मी व्यापारी नाही, कॉलेजात छापचित्रकला शिकलेला मास्तर आहे. भाव मला विचारू नका.

एक कबूल करतो, दादा हे वाचणार म्हणून. माझा किल्लाही कोणीतरी पुस्तकातून फाडूनच जुन्या बाजारात आणला होता. त्या कापाकापीचा मला दीडशे रुपयांत आनंदच झाला होता.

फ्रेम करायचीच असेल तर कागदापेक्षा मोठी करून घ्या, आम्लमुक्त माउंट मागा, डिंक नको, सेलोटेप तर नकोच, आणि सोबत चिठ्ठी द्या: 'कडा कापू नयेत'. मराठीतच लिहा. इंग्रजी बारीक अक्षरांचं फ्रेमवाले काय करतात ते वर सांगितलंच.