हळदीवर संशोधन करायचंय, पण बाबा विचारतात नोकरी कुठे?

प्रश्न : मी कराडला बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजीचे गुडघे सुजले की ती हळदीचा लेप लावते, शल्लकीच्या गोळ्या घेते आणि तिला बरं वाटतं. ही द्रव्यं रोगप्रतिकारक पेशींवर नेमकं काय करतात, यावर मला काम करायचं आहे. बाबा म्हणतात, बीएड कर, यात नोकरी कुठे आहे?

उत्तर : तुझ्या पत्रातला 'नेमकं' हा शब्द मला फार आवडला. हळद गुणकारी आहे असं सांगणारे घरोघरी भेटतात. ती कुठल्या पेशीत काय अडवते, हे विचारणारे थोडे.

या कामाचा श्रीगणेशा बऱ्याच ठिकाणी उंदराच्या मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवर होतो, रॉ २६४.७ हे त्यांचं नाव तुला पुढे सतत ऐकू येईल. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये त्या वाढवायच्या, जिवाणूच्या कवचातलं लिपोपॉलिसॅकराइड घालून चिथवायच्या आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६ ही सूज वाढवणारी प्रथिनं किती बाहेर पडली ते एलायझा या चाचणीने मोजायचं. वनस्पतीचा अर्क दिल्यावर हे आकडे उतरले की मन हरखून जातं. पण तिथेच थांबून विचारायचं, पेशी शांत झाल्या की मेल्या?

ते बघायला एमटीटी चाचणी करतात. पिवळं द्रव्य घालायचं, जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी एका अर्कावर तीन महिने घालवले. सगळे खळगे गडद जांभळे, मी खुशीत. मग मॅडमनी पेशी न घालता नुसता अर्क टाकायला लावला. तो खळगाही जांभळा झाला! अर्कातली पॉलिफेनॉलं ही वनस्पतिजन्य द्रव्यंच रंग बदलत होती. तीन महिने पाण्यात गेले, वसतिगृहावर जाऊन रडले. तू पहिल्या प्लेटपासून बिनपेशीचा खळगा ठेव.

आवडती वनस्पती हरली तर ते लिहायची तयारी आहे का, हे आत्ताच स्वतःला विचार. हळदीतलं कर्क्युमिन शरीरात फारसं शोषलं जात नाही. २०१७ साली रसायनशास्त्रज्ञांनी घेतलेल्या एका मोठ्या आढाव्यात, प्लासिबोशी म्हणजे औषध नसलेल्या गोळीशी तुलना केलेल्या डबल-ब्लाइंड (कोणाला काय दिलं हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेल्या) चाचण्यांपैकी एकही यशस्वी ठरली नव्हती. याउलट कळलावी बघ. पावसाळ्यात तुमच्याकडच्या कुंपणांवर लाल-पिवळी फुलते ती. जहाल विषारी, पण तिच्यातलं कोल्चिसिन गाउट या सांधेदुखीवरचं जुनं, पक्कं औषध आहे. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना हालचालीला लागणाऱ्या सूक्ष्मनलिका ते जुळू देत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने तिची ०.५ मिलिग्रॅमची गोळी हृदयविकाराच्या रुग्णांसाठीही मंजूर केली. आजीच्या शल्लकीतली, म्हणजे सालईच्या गोंदातली बोस्वेलिक आम्लं सूज आणणारी द्रव्यं बनवणाऱ्या ५-लिपॉक्सिजनेज या एन्झाइमला रोखतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. प्रयोगशाळेत दिसणं आणि गुडघ्यात होणं यांच्यामध्ये जे अंतर आहे, तिथेच तुझं काम आहे.

आता वाट. बीएस्सीनंतर बायोटेक्नॉलॉजी किंवा इम्युनॉलॉजीत एमएस्सी कर. त्यासाठी आयआयटी जॅम आणि गॅट-बी या प्रवेशपरीक्षांची तयारी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच हवी. मग सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा. तिच्यातून जेआरएफ म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडं मिळतं, म्हणजे पीएचडी करताना घरी हात पसरावा लागत नाही. पुण्यातच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहेत. तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपच्या जाहिरातीवर लक्ष ठेव. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढलेस की हे काम आपलं आहे की नाही ते कळेल.

बाबांची काळजी मी उडवून लावणार नाही. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात आणि नुसत्या एमएस्सीवर सुरुवातीचा पगार बेताचा असतो. म्हणून पेशी-संवर्धनाबरोबर एचपीएलसी हे मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजण्याचं तंत्रही हाताखालून जाऊ दे. अर्कात कुठलं द्रव्य किती आहे हे ज्याला मोजता येतं, त्याला आयुर्वेदिक आणि अर्क बनवणाऱ्या कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काम मिळू शकतं. आणि बीएड एमएस्सीनंतरही करता येतं, ते दार बंद होत नाही. बाबांना हे शांतपणे, कागदावर वर्षं आणि खर्च मांडून दाखव.

आजीला मात्र एवढं सांग : हळदीच्या किंवा शल्लकीच्या गोळ्या चालू आहेत हे डॉक्टरांच्या कानावर घालायचं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर नक्कीच.