ते २० लाख येणार नाहीत

सिंहगड रोडवरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३६, चाकणला नोकरी. उजव्या गालाखाली न दुखणारी सूज आली, दाढ हलायला लागली. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये साबणाच्या बुडबुड्यांसारखे काळे कप्पे दिसले, बायोप्सीत अमेलोब्लास्टोमा, म्हणजे जबड्याच्या हाडातली गाठ निघाली. कॅन्सर नाही. जबड्याचा तुकडा काढून पायाचं हाड बसवायचा अंदाज ६ लाख. दुसरे एक डॉक्टर ८० हजारांत गाठ खरवडून देतो म्हणतात. प्रश्न असा : '५ लाखांची एफडी मोडू, की पर्सनल लोन घेऊ? २० लाखांची क्रिटिकल इलनेस पॉलिसी आहे, क्लेम आला की लोन फेडेन. कंपनीचा ३ लाखांचा ग्रुप मेडिक्लेम धरलेला नाही, पुरणार नाही म्हणून. पुढच्या महिन्यात हिंजवडीत नवीन नोकरी आहे.'

एफडी मोडा. तिच्यावर ७ टक्के मिळतात, लोनला १४ लागतील. ५ लाखांवर वर्षाला ३५ हजारांचा फरक. मोडल्याचा दंड साधारण वर्षामागे ५ हजार.

आता त्या २० लाखांचं. ते येणार नाहीत. क्रिटिकल इलनेस पॉलिसी बिल भरत नाही, यादीतला गंभीर आजार निघाला तरच एकरकमी पैसे देते. त्या यादीत कॅन्सर म्हणजे काय हे विमा नियामकाने ठरवून दिलंय, आणि 'बिनाईन' गाठी त्यातून शब्दशः वगळल्यात. ही गाठ शरीरभर पसरत नाही म्हणून बिनाईन. जबड्याचं हाड मात्र खातेच. एजंटने 'मोठ्या आजाराला मेडिक्लेमपेक्षा भारी' म्हणून हे गळ्यात मारलं असणार. वर्षाला ९ हजार, ६ वर्षं, ५४ हजार गेले. हॉस्पिटलचं बिल भरणारी स्वतःची पॉलिसी एकही नाही!

८० हजारांचा मोह पडला असेल. मी डॉक्टर नाही, पण सगळे अमेलोब्लास्टोमा सारखे नसतात. एकाच पोकळीचा प्रकार असेल तर कधीकधी कमी कापून भागतं. अनेक कप्प्यांची गाठ नुसती खरवडली तर पुन्हा यायची शक्यता बरीच, म्हणून सर्जन भोवतीचं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर चांगलं हाडही काढतात. बायोप्सीत कोणता प्रकार लिहिलाय ते दोघांनाही विचारा. ८० हजार घालवून पुन्हा ६ लाखांवर येणं ही काटकसर नव्हे.

न धरलेले ते ३ लाखच आज तुमच्या कामाचे आहेत. ग्रुप पॉलिसीत बहुतेक वेळा जुना आजारही चालतो. एचआरकडून लेखी घ्या. सर्जनच्या पत्रावर 'जबड्याच्या हाडातला ट्यूमर' असं स्पष्ट हवं. नुसतं 'डेंटल' दिसलं की टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारा, हात वर करतो. कॅशलेसची मंजुरी आधीच मागा. मग एफडीतून ३ लाख, किरकोळ धरून सव्वातीन जातील. उरलेले पावणेदोन बिनपगारी रजेला आणि नंतरच्या दातांच्या इम्प्लांटला ठेवा. इम्प्लांटचे पैसे विमा बहुधा देणार नाही.

आणि राजीनामा आत्ता अजिबात नको. नोकरी सुटली की हे ३ लाखही सुटले. हिंजवडीवाल्यांकडे जॉइनिंग दोन-तीन महिने पुढे मागा. सोडताना त्याच विमा कंपनीत वैयक्तिक पॉलिसीवर जायची सोय आहे, तिचा अर्ज वेळेत करा. बायको-मुलांसाठी मेडिक्लेम याच आठवड्यात काढा. स्वतःचं नाव घातलंत तर ही गाठ फॉर्मवर लिहा. त्या आजाराला ३ वर्षांपर्यंत थांबावं लागेल, पण लपवलीत तर पुढचा क्लेमही अडकेल.